खाऊ देणाऱ्या हातांना आधी सांग

पोरी, छकुल्याला फल्लीदाणे चालत नाहीत हे कळल्यापासून तू फोनवर नुसती रडतेस. रड बापडी, पण एका हातानं डोळे पूस आणि दुसऱ्या हातानं हे लिहून घे. आपला वाशिमचा मुलूख दाण्याच्या कुटावर पोसलेला. पोह्यात दाणे, भरल्या वांग्यात कूट, ठेच्यात कूट, साबुदाण्याच्या उसळीत तर साबुदाण्याहून कूट जास्त. आणि पाहुण्याचं पोट्टं दारात दिसलं की त्याच्या खिशात मूठभर फल्ल्या कोंबल्याशिवाय म्हातारीला चैन पडत नाही. इथं तुझ्या लेकराचा वैरी कुणी नाही. धोका आहे तो मायेनं पुढं होणाऱ्या हाताचा, आणि त्या हातावर खेकसून भागत नाही, त्याला आधीच सांगून ठेवावं लागतं. आरोग्यसेविका म्हणून तांडे-वाड्या तुडवण्यात माझी नोकरी गेली, त्यामुळे सुईचं थोडं सांगीन. बाकी सगळं चुलीजवळचंच आहे.

१) घरात फल्लीदाणा आणायचाच नाही असं ठरलं तर सोन्याहून पिवळं. सासूबाईंना ते जड जात असेल तर त्यांचा डबा वरच्या फळीवर ठेव आणि त्याचा चमचा त्या डब्यातच राहू दे — डब्यातलं कूट पोरापर्यंत चालत जात नाही, चमच्याला लागलेलं जातं.

२) मिक्सरचं एक भांडं निराळं घे आणि त्याला लाल दोरा बांध — पात्याखालच्या वायसरमध्ये अडकलेलं कूट कितीही खळखळून धुतलं तरी पुढच्या चटणीत उतरतं. पाटा-वरवंट्याचा तर नादच सोड; त्या दगडाच्या छिद्रांत काय दडलंय ते दगडालाच माहीत.

३) तेलाचं नीट समजून घे. ॲलर्जी तेलाची नसते, दाण्यातल्या प्रथिनाची असते. कारखान्यात शुद्ध केलेल्या तेलात ते जवळजवळ उरत नाही, लाकडी घाण्याच्या तेलात मात्र उरतं. पण सुट्या फल्लीतेलाची हमी कोण देणार? त्याला सोयाबीन चालत असेल तर सोयाबीनचं शुद्ध तेल वापर, नाहीतर करडीचं — सोयाबीनची तर आपल्या बाजार समितीत दरवर्षी रास लागते, तेलावाचून कुणी उपाशी राहत नाही.

४) दाणे खाल्लेला हात साबण लावून वाहत्या पाण्याखाली धुवायचा — सॅनिटायझरनं जंतू मरतात, दाण्याचं प्रथिन जागचं हलत नाही.

५) जावईबापूंना माझा निरोप दे. टपरीवर दोस्तांबरोबर दाणे-फुटाणे खाऊन आल्या आल्या पोराचा मुका घ्यायचा नाही. आधी तोंड-हात धुवायचे, जेवायचं, बऱ्याच वेळानं लाड करायचे — लाळेत दाण्याचा अंश बराच वेळ राहतो. रागावतील, रागावू दे. जावयाचा रुसवा पुरणपोळीनं जातो, पोराचा सुजलेला गळा पुरणपोळीनं उतरत नाही.

६) पाकीट उलटं करून वाचायची सवय लाव, अगदी नेहमीच्या बिस्किटाचंसुद्धा आणि दर वेळी — कंपन्या घटक बदलतात, पाकिटाचा रंग तोच ठेवतात. आपल्याकडच्या अन्नसुरक्षा प्राधिकरणाच्या २०२० च्या नियमानं शेंगदाणे, काजू-बदामाची जात, दूध, अंडं, मासे, कोळंबी-खेकडे, सोयाबीन, गव्हासारखी ग्लुटेनची धान्यं आणि सल्फाइट यातलं काही आत असेल तर पाकिटावर वेगळं सांगावं लागतं. तीळ त्या यादीत नाहीत, हे ध्यानात ठेव. ‘अंश असू शकतो’ असं लिहिणं कंपनीच्या मर्जीवर आहे, म्हणून ते लिहिलेलं नाही याचा अर्थ अंश नाहीच असा काढू नकोस.

७) फरसाणवाल्याकडचा सुटा चिवडा, शेव, बुंदी, बर्फी, काही काही नको — एकाच झाऱ्यानं तो सगळं काढतो आणि त्या झाऱ्याला लेबल नसतं.

८) औषधांच्या पेट्याही वाच, विशेषतः मलमं आणि तेलकट थेंब. ‘अराकिस ऑइल’ असं दिसलं तर ते फल्लीतेलच — डॉक्टरांना दाखवून बदलून घे.

आता घराबाहेर चल. खरी कसोटी तिथंच.

९) प्रसादाला नाही म्हणायचं नसतं असं तुझी सासू म्हणेल, आणि तिचं खरं आहे. छकुल्याला एवढंच शिकव: प्रसाद दोन्ही हातांनी घ्यायचा, कपाळाला लावायचा आणि आईच्या हातात द्यायचा — देवही राजी, आईही राजी, आणि देणाऱ्याला काही वावगं दिसत नाही.

१०) कारंज्याच्या गुरुमंदिराला जा, शिरपूरला जा, रामनवमीला पोहरादेवीच्या यात्रेला जा, कुठंच अडवत नाही मी. फक्त घरून पोट भरून ने आणि जत्रेत त्याला कडेवर घे — गर्दीत खाऊ देणारा अनोळखी हात पोराच्या उंचीवर असतो, आईच्या उंचीवर नसतो.

११) भुलाबाईचं मात्र जपून. महिनाभर रोज वेगळ्या अंगणात गाणी, आणि शेवटी झाकलेल्या डब्यातली खिरापत ओळखायची! पोरींना मजा त्या झाकण्यातच वाटते, आणि तुझ्या लेकराला नेमकं झाकलेलंच चालत नाही. तू डबेवालीला आधी कानात विचार आणि पोरींना न सांगता त्याचा खाऊ बदलून ठेव — खेळ मोडला नाही तर पुढच्या वर्षीही त्याला बोलावतील.

१२) पंगतीत त्याचं ताट घरचं. वाढपी भला माणूस असतो, पण वांग्याच्या भाजीच्या बादलीतला डाव तो वरणात बुडवणारच — घाईत असलेल्या माणसाकडून डाव धुण्याची अपेक्षा करणं हाच वेडेपणा. यजमानीणबाईंना मात्र दोन दिवस आधी फोन करून सांग, म्हणजे ताट उघडल्यावर त्यांना अपमान वाटत नाही.

१३) एकादशी, चतुर्थी, महाशिवरात्र आणि नवरात्राचे नऊ दिवस कॅलेंडरवर लाल कर — उपासाच्या दिवशी अख्खी गल्ली दाण्यावर असते. जेवणाच्या दिवशी निष्काळजी राहिलीस तर एक वेळ निभेल, उपासाच्या दिवशी नाही. संक्रांतीच्या तिळगुळातही हौसेनं दाणे घालतात, आणि चिक्की तर विचारूच नको.

१४) हुरड्याला जायचं तर चटणी आपली न्यायची. उन्हाळी भुईमूग निघतो तेव्हा शेंगा तोडायला बायका बसतात, तिथं त्याला खेळायला सोडू नकोस — धुळीनं माखलेला हात पोर तोंडात घालतं.

१५) एसटीत खिडकीजवळ फोलपटं पडलेली असतील तर ती जागा ओल्या फडक्यानं पुसून मग बस. शेजारचा माणूस दाणे खातोय म्हणून घाबरून उतरू नकोस. नुसत्या वासानं सहसा जीवघेणी रिॲक्शन येत नाही, खाल्ल्यानं येते. नागपूर-शिर्डी समृद्धी महामार्ग डिसेंबर २०२२ मध्ये सुरू झाल्यापासून तुम्ही कारंज्याहून वर चढता आणि सुसाट जाता. चांगलं आहे, पण त्या रस्त्यावर मनात येईल तिथं थांबून भाकर मिळत नाही, म्हणून डबा जास्तीचा ठेव — भुकेलं पोर आणि थकलेली आई, दोघंही पाकीट वाचत नाहीत.

आणखी एक, हे नातेवाइकांसाठी. ‘आमच्या वेळी नव्हती बाई असली थेरं’ असं कुणीतरी म्हणेलच. वाद घालू नकोस. त्यांनाच कामाला लाव: ‘आत्याबाई, तुमच्या नजरेतून काही सुटत नाही, आज याच्या ताटावर तुम्ही लक्ष ठेवा.’ बघ मग, कुणाची टाप आहे त्याला दाणा द्यायची! विचारणारीचं तोंड दुखतं, न विचारणारीचं घर दुखतं.

१६) अंगणवाडीत पहिल्या दिवशीच ताईला आणि मदतनीस बाईला समोर बसवून सांग, आणि त्याचा फोटो लावलेला कागद भिंतीवर चिकटव — मदतनीस बदलली तरी भिंत बदलत नाही. शाळेत गेला की खिचडी शिजवणाऱ्या बाईंशी दोस्ती कर; मुख्याध्यापकांना अर्ज दिलास तरी फोडणी त्या देतात. पोषण आहारात सोयाबीन पुलाव असतो, उसळी असतात, तेव्हा आठवड्याचा बेत विचारून घे. वाढदिवसाच्या चॉकलेटसाठी एक चालणारा खाऊ बाईंच्या कपाटात कायमचा ठेव — सगळ्यांच्या हातात काही आहे आणि आपल्याच हातात नाही, हे दुःख चार वर्षांच्या जिवाला फार मोठं असतं.

१७) त्याला एकच वाक्य पाठ करून घे: ‘आईला विचारतो.’ मरशील, बिरशील असले शब्द नकोत — भ्यालेलं पोर लपून खातं, शिकवलेलं पोर विचारून खातं.

आता सुईचं. इथं मी हसणार नाही, तूही हसू नकोस.

१८) ओळख कशी? अंगावर गांधी उठतात, ओठ-डोळे सुजतात, इतपत सगळ्यांना कळतं. पण त्यासोबत वरचेवर उलट्या, न थांबणारा खोकला, घोगरा आवाज, छातीत घरघर, किंवा खेळतं पोर एकाएकी मलूल होऊन खांद्यावर मान टाकतं, हे दिसलं की ते ॲनाफायलॅक्सिस — आणि दर वेळी गांधी उठतीलच असं नाही, म्हणून अंग कोरं दिसलं तरी श्वासाकडे बघ. एवढंसं लेकरू ‘घसा आवळतोय’ असं सांगत नाही. ते जीभ खाजवतं, चिकटून बसतं, किरकिर करतं.

१९) त्यावर औषध एकच, ॲड्रेनलिन, आणि ते मांडीच्या बाहेरच्या बाजूला मधोमध, स्नायूत द्यायचं. ॲलर्जीच्या गोळीनं किंवा सिरपनं खाज जाते, बंद होणारा गळा उघडत नाही — सिरप पाजून वाट बघण्यातच हकनाक वेळ जातो.

२०) पेनासारखं तयार इंजेक्शन परदेशात मिळतं, आपल्याकडे ते सहज मिळत नाही आणि मागवलं तर महाग पडतं. म्हणून डॉक्टरांकडून ॲड्रेनलिनची १ मिलिची ॲम्प्यूल आणि १ मिलिची बारीक रेघांची सिरिंज लिहून घे, आणि त्याच्या वजनाचा डोस मोठ्या अक्षरात कागदावर लिहून माग. हिशेब दर किलोला ०.०१ मिलिग्रॅम असा असतो, म्हणजे १५ किलोच्या पोराला ०.१५, पण वजन वाढतं, तेव्हा आकडा दर तपासणीला डॉक्टरांकडून नवा करून घे. घरात आजोबांची इन्सुलिनची सिरिंज आहे म्हणून ती वापरू नकोस — तिच्या रेघांचं माप वेगळं आणि सुई आखूड.

२१) सराव कर. मुदत संपलेली ॲम्प्यूल फोडून बघ, साधं पाणी रेघेपर्यंत ओढ आणि संत्र्यात टोच. कारंजा-मंगरूळपीरकडे संत्र्यांना तोटा नाही. तू, जावईबापू, सासूबाई, तिघांनीही कर — ज्या दिवशी गरज पडेल त्या दिवशी घरात नेमकं कोण असेल, हे कुणी सांगावं?

२२) पिशवी एकच, लाल रंगाची, पोर जिथं तिथं पिशवी. कपाटात कुलूप लावून ठेवायची नाही. कुलपातलं औषध आणि माहेरी राहिलेली छत्री, पावसात दोन्ही सारखीच. एप्रिल-मे मध्ये पारा चाळिशी ओलांडतो, तेव्हा ती गाडीच्या डिकीत विसरू नकोस, खिडकीत ठेवू नकोस आणि बर्फालाही टेकवू नकोस — ऊन आणि उजेड दोन्हींनी औषध खराब होतं. पाण्यासारखं स्वच्छ नसेल, गुलाबी-तपकिरी दिसलं, तर टाकून दे.

२३) वेळ आली तर क्रम असा: आधी सुई, मग १०८. ही गाडी २०१४ पासून आपल्या राज्यात फुकट येते आणि तिच्यात डॉक्टर असतो. पोराला आडवं कर, पाय उशीवर घे. श्वासाला त्रास होत असेल तर पाय पसरून बसव. उचलून उभं करायचं नाही, चालवायचं नाही — एकदम उभं केलं की रक्तदाब कोसळतो. पाच मिनिटांत फरक पडला नाही आणि डॉक्टरांच्या कागदावर लिहिलं असेल, तर दुसरा डोस.

२४) सुई दिल्यावर हात थरथरतात, छाती धडधडते, पोर पांढरंफटक दिसतं, ते थोड्या वेळात ओसरतं. योग्य डोस मांडीत दिल्यानं लेकराचं नुकसान होत नाही, उशीर केल्यानं होतं. आणि बरं वाटलं तरी दवाखान्यात जायचंच — काही तासांनी दुसरी लाट येऊ शकते.

२५) गाडीला वेळ लागणार असेल तर जवळचं प्राथमिक आरोग्य केंद्र गाठ. लसीकरणाच्या दिवशी आम्हा आरोग्यसेविकांजवळ जे किट असतं त्यातही ॲड्रेनलिन असतं, कारण लसीनंतर क्वचित हीच रिॲक्शन येते. तुझ्या गावच्या सिस्टरला आजच जाऊन भेट आणि पोर दाखव. १९९८ साली वाशिम अकोल्यापासून वेगळं झालं, आता तर जिल्ह्याचं स्वतःचं सरकारी मेडिकल कॉलेजही आहे. पण मानोऱ्याच्या तांड्यावर धापा टाकणाऱ्या लेकराला या सगळ्याआधी ती मांडीतली सुई लागते.

२६) सासूबाई म्हणतील पित्त उठलंय, गेरू लाव, शेजारीण म्हणेल दृष्ट लागली. गेरू राहू दे. दृष्ट काढायची तर १०८ मध्ये बसल्यावर मीठ-मोहरी ओवाळा, माझी ना नाही — फक्त सुई आधी. ताक, लिंबूपाणी असलं काही पाजू नका आणि घशात बोटं घालून उलटी काढू नका.

२७) ‘मागच्या वेळी नुसते ओठ सुजले होते’ या हिशेबावर राहू नकोस. शार्ल रिशे या फ्रेंच शास्त्रज्ञानं सहकाऱ्याबरोबर कुत्र्यांना समुद्री प्राण्याचं विष थोडंसं टोचून पाहिलं. एका कुत्र्याला पहिल्यांदा काही झालं नाही, आणि काही आठवड्यांनी थोडीच मात्रा दिली तर ते अर्ध्या तासात गेलं. १९०२ साली त्यांनीच या प्रकाराला ॲनाफायलॅक्सिस हे नाव दिलं, आणि १९१३ मध्ये रिशेंना नोबेल मिळालं. आपण मात्र तेच घरच्या ताटात करून बघतो! ‘रोज दाण्याचा एक कण देऊन सवय लावू’ म्हणणाऱ्या काकांना हात जोड — सवय लावण्याचे उपचार आहेत, पण ते तज्ज्ञाच्या देखरेखीखाली, सुई हाताशी ठेवून होतात, ओसरीवर नाही.

धाकटं होणार आहे ना तुला? मग हेही ऐक.

२८) बाळाला मालीश फल्लीतेलानं नको, आणि अंगावर इसब असेल तर मुळीच नको. फाटलेल्या कातडीतून शिरलेलं प्रथिन शरीराला शत्रू वाटतं, असं दिसतं. शेंगदाणा तेल असलेली मलमं लावलेल्या पुरळ-इसबाच्या बाळांत दाण्याची ॲलर्जी जास्त आढळली, हे २००३ मध्ये ब्रिटनच्या अभ्यासात दिसलं होतं. गुटी उगाळायची सहाणही दोघांची वेगळी — गुटीत बदाम असतो, आणि थोरल्याला बदाम चालतो की नाही ते अजून तपासायचं असेल.

२९) थोरल्याला चालत नाही म्हणून धाकट्याला दाणा दाखवायचाच नाही, हेही चूक. २०१५ मध्ये लंडनच्या डॉक्टरांनी ४ ते ११ महिन्यांच्या, ॲलर्जीचा धोका असलेल्या बाळांना शेंगदाण्याचा पदार्थ लवकर आणि नेमानं दिला; पाच वर्षांची झाली तेव्हा त्यांच्यात ही ॲलर्जी सुमारे ८० टक्क्यांनी कमी निघाली. इस्रायलमधली बाळं लहानपणीच दाण्याचा खाऊ खातात आणि तिथं ही ॲलर्जी कमी, यावरून त्यांना ते सुचलं. पण धाकट्याला कधी, किती आणि कुठं द्यायचं ते डॉक्टरांना विचारून — अख्खा दाणा तर कुठल्याच लहान बाळाला नको, तो घशात अडकतो.

३०) भीतीपोटी तूर, हरभरा, मूग, सगळंच बंद करू नकोस. चाचणीत काही दिसलं म्हणजे ते बाधतंच असं नाही. जे तो आजवर मजेत खातोय ते डॉक्टरांनी सांगितल्याशिवाय काढायचं नाही — वाढत्या अंगाला वरण-भाकर लागते. ज्या घरात दाण्याऐवजी दूध किंवा अंडं बाधतं, तिथं पदार्थ वेगळे, सवयी ह्याच. दूध-अंड्याची बरीच पोरं पुढं बरी होतात, दाण्याची पाचातलं एखादंच. अंडं बाधणाऱ्या पोरालाही गोवर-रुबेलाची लस देता येते, ती चुकवू नये.

३१) ॲम्प्यूलवरची मुदत दर महिन्याच्या पहिल्या तारखेला बघ. हे वाचून झालं की आजही ऊठ आणि बघ; दोन महिन्यांवर आली असेल तर मेडिकलवाल्याला आजच सांगून ठेव — तालुक्याच्या दुकानात ती प्रत्येक वेळी असतेच असं नाही.